बारा किलोची गोणी

सायकलनं कन्याकुमारीला जायचं ठरवणं फार सोपं असतं. ते एका चहाच्या कपात ठरतं. खरी तारांबळ उडते ती निघायच्या आठवडाभर आधी, सगळं सामान पलंगावर मांडल्यावर. ममताच्या पलंगावर त्या दुपारी तंबूपासून टाचणीपर्यंत इतकं काही पसरलं होतं, की तिचा नवरा संजय दारातच थबकला.

"वापस येणार हायेस ना व?" त्यानं विचारलं.

"कायमची जायची असती तं एवढं कायले नेलं असतं?" ममता म्हणाली आणि पुन्हा मोजे मोजायला लागली.

ममताचं बोरी अरबला, एसटीच्या थांब्याजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. अर्ध्या गावाचे ऑनलाइन फॉर्म तीच भरायची. राहायची मात्र चार किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात, आणि ये-जा सायकलनं. स्कूटी घेऊ, स्कूटी घेऊ म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली आणि सायकलच अंगवळणी पडली. दिवाळीनंतर एकदा यवतमाळच्या सायकलवाल्यांचा घोळका तिच्या दुकानासमोर चहाला थांबला. रंगीत बनियनं, डोक्यावर टोपल्या, डोळ्यांवर काळे चष्मे. त्यांचा म्होरक्या राजदीप, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. दुकान बंद करून ममता सहज त्यांच्यासोबत दारव्ह्यापर्यंत गेली आणि त्यातल्या चौघांना तिनं मागे टाकलं. तेही साडीवर. त्यानंतर तिला जानेवारीच्या मोहिमेत घेतलं नसतं, तर राजदीपलाच लाज वाटली असती.

आता मोहीम म्हणजे सहा जण, बावीस दिवस, मुक्काम तंबूत आणि मागे गाडी नाही. राजदीपचा नियम एकच, पण लोखंडी. ज्याचं सामान त्यानं न्यायचं आणि ते बॅगांसकट बारा किलोच्या वर जाता कामा नये. आदल्या वर्षी कुणीतरी वीस किलो सामान घेऊन निघालं होतं आणि आदिलाबाद येईस्तोवर ते गोड बोलून एकेकाच्या सायकलवर वाटून मोकळं झालं होतं. तेव्हापासून राजदीप निघायच्या आधीच्या रविवारी आपल्या अंगणात काटा टांगायचा आणि ज्याचं जास्त भरलं त्याला घरी पाठवायचा. घरी पाठवायला तो मुळीच लाजत नसे. मोहिमेच्या नावांत सातवं, म्हणजे राखीव, नाव अतुलचं होतं. कुणाचं तरी वजन वाढावं म्हणून तो मनातल्या मनात काय काय करत असेल, ते त्यालाच माहीत.

ममतानंही घरी काटा टांगला होता, वेचलेला कापूस तोलायचा. संजय दर हंगामात बायांच्या कापसाची गाठोडी त्याला अडकवायचा, आता त्याला ममताच्या निळ्या बॅगा लटकत होत्या. मोजे, तंबू, स्टोव्ह, पंप, औषधं, सगळं धरून अकरा किलो नऊशे. ममता खुश झाली. शंभर ग्रॅम हातचे राखून आपण कन्याकुमारी गाठणार, असं तिनं संजयला तीन वेळा सांगितलं.

आणि नेमकी तेव्हाच जमनी आत आली.

जमनी म्हणजे ममताची सासू. वय अडुसष्ट, बोलणं मोजकं, आणि हाताला अशी कला की तिनं टाका घातलेलं कापड आसपासच्या चार तांड्यांत बोटानं दाखवत. आरसे, कवड्या, गोंडे. तिची मुलगी लालीबाई सासरी गेली तेव्हा पेटीभर भरतकाम घेऊन गेली. तांड्यातल्या कितीतरी पोरींच्या पेट्यांत जमनीच्या हातचं एखादं तरी कापड होतं. नव्हतं ते फक्त ममताकडे.

ममता बोरी अरबच्या बाबाराव मास्तरांची मुलगी, घर बौद्ध. संजयशी तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, दोन्हीकडच्या मंडळींनी काही महिने तोंडं फिरवली, मग हळूहळू सवयीनं सगळं निवळलं. जमनी तिच्या हातचं जेवायची, ममता आजारी पडली तर उशाशी बसायची, पण अकरा वर्षांत तिनं सुनेसाठी एक टाका घातला नव्हता. बंजाऱ्यांत बाहेरच्या माणसाला 'कोर' म्हणतात. ममताला तांड्यात तसं तोंडावर कुणीच कधी म्हटलं नाही. सासूच्या हातात सुई दिसली की ते ती स्वतःच स्वतःला म्हणून घ्यायची आणि चहा ठेवायला आत जायची.

तर ती जमनी आत आली आणि तिनं पलंगावरचं सामान हातानं बाजूला सारून एक घडी उलगडली.

"घे. सायकलची गोणी होये."

बैलाच्या पाठीवर टाकतात तशीच गोणी, फक्त सायकलच्या मापाची. मधे कॅरिअरवर बसेल असा पट्टा आणि दोन्ही अंगांना एकेक पिशवी. जाडजूड लाल आणि निळं कापड, दुहेरी, त्यावर बोटभर जागा रिकामी नाही. आरशांच्या रांगा, कवड्यांच्या रांगा, खाली लोकरीचे गोंडे आणि प्रत्येक गोंड्याला धातूचा मणी. महिना-दोन महिन्यांपूर्वी जमनी सायकलचं कॅरिअर विती-बोटांनी मोजत होती तेव्हा ममताला वाटलं होतं, म्हातारीला चाक पाहायची हौस आली. डोळ्याचं ऑपरेशन झालेली ही बाई, सून दुकानात गेली की दुपारभर हेच करत बसली होती.

ममताला इतका आनंद झाला की तो लपवायला ती गोणी उचलून पाहायला लागली. उचलली, आणि तिचा खांदा खाली गेला.

जमनी गेल्यावर संजयनं गोणी काट्याला अडकवली. रिकामी गोणी, चार किलो शंभर.

निळ्या बॅगांचं वजन एक किलो आठशे. म्हणजे गोणी न्यायची तर दोन किलो दोनशे कमी करायचे. ममतानं कंबर कसली. दोनातला एक टॉवेल गेला, चादर गेली, चपलांचा जोड गेला, शाम्पूची बाटली जाऊन एक रुपयाच्या पुड्या आल्या. तंबूच्या खुंट्यांपैकी चार बाहेर निघाल्या आणि वाऱ्याचा विचार करून परत आत गेल्या. संध्याकाळपर्यंत काटा तेरा किलो दोनशेवर येऊन जो अडला तो हलेना. उरलेलं सगळं एक तर राजदीपच्या सक्तीच्या यादीतलं होतं, नाही तर ममताला सोडवत नव्हतं.

तिनं राजदीपला फोन लावला.

"सर, बॅगचं वजन धरायचंच काय? थे तं सामान नाही ना."

"ताई, सायकलीला ते कळत नाही," राजदीप म्हणाला. फिजिक्सच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ममतानं फोन ठेवला.

संजयकडे तोडगा तयारच होता. "निळ्या बॅगा ने. गोणी दुकानात ठीव. निघताना सायकलवर टाकून एक फोटो काढ न् पाठव. याडीले काय समजते?"

याडी म्हणजे आई. आईला काही समजत नाही, हा जगातल्या सगळ्या मुलांचा लाडका गैरसमज. पण ममतानं दुसऱ्या दिवशी दुकानात बसून संजयच्या तोडग्यावर अख्खी दुपार विचार केला, हेही खरं. तिला कन्याकुमारीला जायचं होतं. तिला समुद्र पाहायचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बावीस दिवस कुणाचाही फॉर्म भरायचा नव्हता. आणि तिला ती गोणी हवी होती. फोटोत नाही, सायकलवर. लोकांच्या झेरॉक्स काढता काढता तिनं एका माणसाचं रेशनकार्ड सात वेळा छापलं, तेव्हा तिला कळलं की आपल्याच्यानं हे खोटं जमणार नाही.

घरी येऊन ती सरळ जमनीसमोर बसली. "आत्याबाई, गोणी लय भारी झाली."

"झाली ना?" जमनी म्हणाली. तिनं तो शब्द कौतुकाचा समजला.

"तसं नाही. वजनानं भारी झाली. बाराच किलो न्या लागते. गोणी नेली तं मले घरी पाठवतीन."

जमनी उठली, ममताच्या खोलीत गेली आणि सगळं सामान पलंगावर उलटं केलं.

"माह्या आजीची आजी लदेणीमागं चालली," ती म्हणाली. "बैलाच्या पाठीवर मीठ लादून पार समुद्राकून इकडं. मले आजी सांगे, घरचं सामान किती, तं एका बैलाचं. आता तू मले सांग, हे कायले?"

"टी-शर्ट होयेत. चार."

"धुवाले हात नाही काय? दोन. हे?"

"उशी. हवेची."

"कपडे गुंडाळून डोक्याखाली घे. हे?"

"पुस्तक."

"दिवसभर सायकल चालवून वाचशीन?"

ममतानं प्रामाणिकपणे नाही म्हटलं. पुस्तक गेलं. काट्यानं बारा आठशे दाखवले. अजून आठशे ग्रॅम. आता पलंगावर तंबू, स्टोव्ह, हत्यारं, पंप, औषधाचा डबा असं यादीतलंच काय ते उरलं. जमनीनं प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली, हे सगळ्यांकडे असते का, एवढंच विचारलं, आणि ममतानं हो म्हटल्यावर ती पान लावायला बसली.

"रविवारी मी येतो संगं," ती म्हणाली.

रविवारी सकाळी राजदीपच्या अंगणात मेळाच भरला होता. ममता तांड्यावरून पहाटेच निघाली होती, लादलेल्या सायकलवर तीस-पस्तीस किलोमीटर. रस्त्यावर चहाच्या टपऱ्यांवरची माणसं कप हातात धरून तिच्या सायकलकडे पाहत राहिली. मागून संजय मोटरसायकलवर जमनीला घेऊन आला. आंब्याच्या फांदीला काटा टांगलेला होता. पाच जणांचं वजन झालं, पाचही पास. अतुल बॅगा भरून, हेल्मेट घालूनच उभा होता. इतकी तयारी नवरदेवाचीही नसते.

ममताची गोणी काट्याला लागली. उन्हात आरसे असे चमकले की राजदीपला आकडा वाचायला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"बारा आठशे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण नियम त्याचाच होता. "ताई, पिशव्याच जड आहेत. माझ्याकडे जास्तीच्या बॅगा आहेत एक जोडी. दहा मिनिटांत सामान बदला, काम होऊन जाईल. ही इथंच राहू द्या, आल्यावर घेऊन जा."

इतकं सोपं होतं. मोनाली नावाची गटातली दुसरी बाई, बँकेत काम करणारी, तिनं तर गाठी सोडायला हातही पुढे केला. ममतानं जमनीकडे पाहिलं. जमनी ओट्यावर बसून समोर पाहत होती.

"सर, मग अतुलभाऊले न्या," ममता म्हणाली. "मी गोणीशिवाय नाही येत." बोलून झाल्यावर तिचं तिलाच रडू यायला लागलं. दोन महिने पहाटे उठून तिनं पायांचे तुकडे केले होते, आणि ते सगळं एका वाक्यात तिनं स्वतःच घालवलं होतं. अतुलनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

"वजन वजन करून राह्यले कवाचे," जमनी ओट्यावरून उठत म्हणाली. "आत काय हाय, थे पाह्यलं काय कोणी?"

आणि तिनं, कुणाला काही कळायच्या आत, राजदीपची स्वतःची बॅग उलटी केली. मग मोनालीची. तिसऱ्याची करायला निघाली तेव्हा तो स्वतःच उघडून देऊ लागला. अशा बाईशी झटापट कोण करणार? अंगणात सहा ढीग झाले. जमनीनं लुगड्याचा काचा खोचला आणि ढिगांमधून फिरत एकेक वस्तू उचलून काट्याखाली ओळीनं मांडायला सुरुवात केली.

सहा पंप. सहा स्टोव्ह. हत्यारांचे सहा संच. चेनला घालायच्या तेलाच्या सहा बाटल्या. औषधांचे सहा डबे, सहांमध्येही तापाची एकच गोळी. सहा कात्र्या. नखं काढायची सहा यंत्रं.

"किती वाढतात व तुमचे नखं?" जमनीनं विचारलं.

राजदीपनं आपली बोटं मुठीत मिटली.

"सहा जण, सहा चुली. सहा येळा चहा करान? आन् ह्या दोघी," तिनं ममता आणि मोनालीकडे हात केला, "एका तंबूत झोपल्या तं भांडतीन काय?"

"आजी, तसं नाही," राजदीप समजावणीच्या सुरात म्हणाला. "ज्याचं ओझं त्यानं न्यायचं, असा आपला नियम आहे. म्हणजे कुणी कुणावर अवलंबून नको. समजा पंप एकाकडेच आहे आणि मागच्याचं चाक बसलं, तर?"

"तं पुढचा थांबन."

"आणि त्याला कळलंच नाही तर?"

"मागं पाह्यतच नाही काय तुम्ही?" जमनीला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "ज्याचं त्यानंच न्यायचं, तं मंग एकएकटे जा ना, बापा. संगं कायले जाता?"

गुरुत्वाकर्षणापासून घर्षणापर्यंत सगळं शिकवणारा राजदीप ओळीनं मांडलेल्या सहा पंपांकडे पाहत राहिला. मग खाली बसला, डोकं खाजवलं, आणि चार पंप उचलून ओट्यावर नेऊन ठेवले.

पुढचा तासभर नुसती धमाल. स्टोव्ह दोनच राहिले. हत्यारांचा एक संच, औषधांचा एक डबा, तेलाची एक बाटली, तंबू तीन. कुणी गॅस घेतला, कुणी चहाचं पातेलं म्हणजे गंज घेतला, तंबूचं कापड ममतानं आणि काठ्या मोनालीनं. नखं काढायचं यंत्र राजदीपनं स्वतःकडे घेतलं आणि वापरायचं असेल त्यानं अर्ज करावा, असं जाहीर केलं. ओट्यावर काढून ठेवलेल्या सामानाचा ढीग पाहून अतुलनं हेल्मेट काढलं. राजदीपनं त्याच्याकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं. सहांत दोन पंप पुरतात तर सातांतही पुरतात, हे गणित त्याला यायला वेळ लागला नाही. "तूही चल," तो म्हणाला.

ममताची गोणी परत काट्याला लागली, वाटणीला आलेला गंज आणि गॅसच्या दोन डब्यांसकट. अकरा किलो सहाशे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सायकलवर गोणी टाकताना ममतानं पट्टा कॅरिअरवर बसवला. दुसऱ्या बाजूनं जमनी दोन्ही पिशव्यांचा तोल पाहत होती, एकीतला गंज काढून दुसरीत घालत होती. बाकीचे अंगणात आपापल्या बॅगा भरण्यात गुंतले होते. ममताला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"आत्याबाई, अकरा वर्सं झाले. तुम्ही माह्यासाठी कधी टाका नाही घातला. मले लय लागलं थे. काहून नाही शिवलं?"

जमनीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पेच होता, जणू सुनेनं पाणी ओलं का असतं असं विचारलं.

"आमच्यात सुनेले कोण शिवते? सून तं येते. ती तिच्या याडीचं शिवलेलं आणते संगं. शिवायचं असते निघणारीले. लाली निघाली, तिले शिवलं. तू कुठी निघाली होती? तू तं आली होती." तिनं गंजाभोवती टी-शर्ट खोचला, वाजू नये म्हणून. "आता निघाली. मंग मीच शिवन ना. कोण शिवन?"

अकरा वर्षं ममता जे दुखणं मनात बाळगून होती, ते इतकं साधं निघालं. तिला हसू आलं आणि ती रडायलाच लागली, राजदीपच्या फाटकात, सगळ्यांसमोर, गोणीच्या पट्ट्यावर कपाळ टेकून. जमनीला असलं काही पाहायची सवय नव्हती. तिनं सुनेच्या पाठीवर दोन थापा मारल्या, एका बाजूचा गोंडा सरळ केला आणि, "चाल, ऊन होते," म्हणाली.

परतीच्या वाटेवर यवतमाळ सुटताच संजयनं सवयीनं मोटरसायकलचा कान पिळला. समोर ममता चालली होती, दोन्ही अंगांना गोंडे हलत होते, आरशांची तिरीप रस्त्याकडेच्या कापसाच्या पऱ्हाटीवर नाचत होती. तो बाजूनं गाडी काढणार, तोच मागून जमनीनं त्याचा खांदा धरला.

"पुढं नको काढू," ती म्हणाली. "तिच्या मागंच राह्य."

"याडी, दोन घंटे लागतीन घरी जायले."

"लागू दे," जमनी म्हणाली, आणि पदर सावरून आरामात बसली.